फाटकाच्या आतला चहा

३ मार्च

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही. विसरलो नाही. दोनदा लिहिलं आणि दोनदा कागद बदलला. शेवटी नुसतं दादा राहू दिलं, कारण तेवढं जन्मावरून लागू होतं, त्यासाठी तुला काही करावं लागत नाही.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी तू बोलतोस, मी हो हो करतो आणि उत्तरं मला घरी आल्यावर सुचतात. लिहिताना कोणी मध्येच तोडत नाही, म्हणून लिहितो आहे.

तू पाठवलेला कागद आईला पोचला. बारा पानं, आणि जिथे जिथे सही करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या. इतकी काळजी तू तिच्या औषधांची कधी घेतली नाहीस. आईने चिठ्ठ्या मोजल्या. सात निघाल्या. म्हणाली, "सात वेळा कशाला, एकदाच गळा धरायचा की." मग कागद फळीवर ठेवून त्यावर मिठाची बरणी ठेवली. तिथेच आहे तो.

सोबत तू लिहिलंस की खाणावळ आता चालत नाही, आई त्रेसष्टची झाली, हॉटेलला बस वळवायला जागा हवी आहे, भाव चांगला मिळतोय, आणि ३१ मार्चच्या आत सह्या झाल्या नाहीत तर हा भाव राहणार नाही. नंतर आमच्याकडेच राहायला ये, असंही लिहिलंस. वहिनीला विचारलंस का? मागच्या वेळी आई चार दिवस राहिली होती, तर वहिनीने न मागता पाचव्या दिवसाचं तिकीट आणून तिच्या हातात दिलं होतं. खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून वर कौतुकही करून घेतलं होतं.

'खाणावळ चालत नाही' हे तू असं लिहिलंस, जसं कोणी लिहावं की आज ऊन आहे. ती आपोआप बंद पडत नाहीये, बंद पाडली आहे. कशी, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी मी क्रमाने मांडतो, कारण क्रमाने मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तुमचा पाहुणा घरून निघण्याआधीच पैसे भरतो. खोली, तिन्ही वेळचं जेवण, पेयं, सगळं धरून. इथे आल्यावर त्याच्या मनगटाला निळी पट्टी बांधतात. तिथून पुढे त्याला प्रत्येक घास फुकट वाटतो आणि प्रत्येक घास हॉटेलच्या अंगावर येतो. म्हणून आतली सगळी अक्कल एकाच कामाला जुंपलेली. त्याचं पोट स्वस्तात भरायचं आणि त्याला ते कळू द्यायचं नाही. रांगेच्या तोंडाशी पाव, मग सूप, मग बटाटे, मग भात. मासळी अगदी शेवटी, आणि तिथे एकच माणूस, तोही हळू कापणारा शोधून ठेवलेला. तिथे पोचेपर्यंत ताटात जागा उरत नाही. ताटंही तू मुख्य कार्यालयात गेलास त्या वर्षी दोन बोटांनी लहान झाली. चार रात्रींपेक्षा कमी कोणाला ठेवून घेत नाहीत, कारण पहिल्या दिवशी माणूस वसूल करायला खातो, दुसऱ्या दिवशी हट्टाने खातो, तिसऱ्या दिवशी थकतो आणि चौथ्या दिवशी टोस्ट आणि कलिंगडावर येतो. पहिल्या दिवसाचा खड्डा चौथा दिवस भरतो. हे मी कुठे वाचलेलं नाही. मी तीन वर्षं उष्टं तोलतोय. जेवणं आटोपली की ताटांतलं उरलेलं बादल्यांत येतं, मी बादली काट्यावर ठेवतो आणि कशाचं किती ते वहीत लिहितो. इथे मला तराजू म्हणतात. ही नोकरी तू चिकटवून दिलीस, हे मी नाकारत नाही.

एवढ्या सगळ्या बंदोबस्तात एकच फट होती. जेवणाचा हॉल तीनला बंद व्हायचा तो साडेसातला उघडायचा. पाचच्या सुमारास पाहुणे पोहून वर यायचे, पोटात कावळे, आणि आत काहीच नाही. मग ते फाटकाबाहेर पडायचे. फाटकाबाहेर पहिलं दार आईचं. आठ टेबलं, तळलेली मासळी, ऑम्लेट, चहा. बाबांनी जागा घेतली तेव्हा समोर नुसती रेती होती. हॉटेल आलं, तू फाटकावर बॅगा उचलायला लागलास, तेव्हा तूच आईला म्हणाला होतास की आता तुझं नशीब उघडलं.

मागच्या हंगामापासून आत साडेचारला चहा मिळतो. पोहण्याच्या तलावाच्या काठावर टेबलं, केक, गोड पाव, बिस्किटं, सगळं भट्टीतून गरम. वास भिंतीवरून आपल्या खाणावळीत येतो. पाहुणे आता फाटकापर्यंतही येत नाहीत. दरवर्षी येणारं ते म्हातारं जोडपं तुला आठवत असेल, ज्यांना आई काटे काढून मासळी द्यायची. जानेवारीत आजोबा फाटकाच्या आतूनच आईशी बोलले. म्हणाले, आत सगळं आहे हो, पैसे भरून टाकलेत, बाहेर खाल्लं की ही म्हणते दुहेरी होतं. आई म्हणाली, बरोबर आहे त्यांचं. त्या दिवशी त्यांच्यासाठी आणलेली मासळी आम्ही दोघांनी तीन वेळा खाल्ली.

हा चहा तुझा. मुख्य कार्यालयातली वरची खुर्ची तुला याच चहावर मिळाली. इथल्या मॅनेजरांनी सगळ्यांना उभं करून, तुझं नाव घेऊन सांगितलं. आधी आईचं गिऱ्हाईक आत कोंडलंस आणि आता गिऱ्हाईक नाही म्हणून तिची जागा मागतोस. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' हे आपल्या शाळेत फळ्यावर लिहायचे. बऱ्याचदा तूच लिहायचास, अक्षर चांगलं होतं म्हणून.

सही होणार नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

धाकटा


१२ मार्च

दादा,

उत्तर दिलंस. दोन ओळी. पहिलीत, साळसूदपणाचा आव आणू नकोस. दुसरीत, 'चहाचा कागद मुळात कोणाचा, ते आईला तू सांगतोस की मी सांगू?'

दोन दिवस माझ्या वहीतल्या बेरजा चुकल्या. मुख्य स्वयंपाकी, ज्यांना आम्ही वस्ताद म्हणतो, त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून सगळ्यांना सांगितलं की तराजूला ताप आलाय, आज बादल्या हलक्या भरतील.

ठीक आहे. कागद माझा होता. पण त्यात काय होतं ते तू सोयीने विसरला असशील, म्हणून पुन्हा लिहितो.

दोन वर्षांपूर्वी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तू आला नव्हतास, मीटिंग होती. खाणावळ नऊ दिवस बंद राहिली. तेव्हा हॉटेलात रोज रात्री साधारण अठ्ठेचाळीस किलो मासळी उठायची. त्या नऊ दिवसांत ती एकसष्टवर गेली, एकदा त्रेसष्टवर. पाहुणे तेवढेच होते, दोनशे दहाच्या आसपास. वस्तादांना वाटलं चोरी होतेय. त्यांनी मला प्रत्येक परात जाताना आणि येताना तोलायला लावली. चोरी नव्हती. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाचला आईकडे खाऊन आलेला माणूस रात्री रांगेत मासळीपर्यंत पोचतच नव्हता, पाव आणि सुपावरच त्याचं भागायचं. आई बंद, म्हणून ते उपाशी आणि म्हणून मासळी जास्त. म्हणजे आई रोज तुमची तेरा किलो मासळी वाचवत होती, आणि तीही पाहुण्याच्या स्वतःच्या खिशातून. तुम्ही तिचं देणं लागत होतात आणि तुम्हाला ठाऊकही नव्हतं.

म्हणून मी तीन पानं लिहिली. रेघा आखून, तारीखवार. मागणी एवढीच होती की फाटकाच्या आतल्या बाजूला आईच्या खाणावळीची पाटी लावू द्यावी आणि पाहुणे आले की काउंटरवरच्या माणसाने त्यांना सांगावं, पाचला भूक लागली तर समोर जा. ती पानं मॅनेजरांना न देता तुला दिली, कारण मला वाटलं, आईचं काम आहे, आईच्याच मुलाकडे द्यावं.

तू ती पानं उलटीकडून वाचलीस. पाचला खाल्लं की रात्री मासळी वाचते ना, मग पाचचं आपणच खायला घालू, मैद्याचं आणि साखरेचं. आणि वर तुझं नाव. चोर तो चोर, वर शिरजोर.

तेव्हा आईला सांगायचं असेल तर खुशाल सांग. मी तिच्या पाटीसाठी लिहिलं होतं, हे तिला कळलं तर कोणाकडे पाठ फिरवायची ते तिला बरोबर समजेल. मला भीती नाही.

धाकटा


२० मार्च

दादा,

तू अजून सांगितलेलं दिसत नाही. मीही सांगितलेलं नाही. आज जे झालं ते लिहितो.

दुपारी आई बटाटे सोलत बसली होती. गिऱ्हाईक म्हणजे बसचे दोन ड्रायव्हर, एकेक चहा घेऊन तासभर बसलेले. आईने मला हाक मारली आणि म्हणाली, तो कागद वाचून दाखव, अक्षर बारीक आहे. मी बरणी उचलून कागद काढला आणि बाराच्या बारा पानं वाचली. एकही ओळ गाळली नाही. हे तुला सांगतोय कारण तू विचारणार, मी काही वाकडं वाचलं का. नाही वाचलं.

बस वळवायला जागा, या ठिकाणी तिने विचारलं, बसला आपलीच आठ टेबलं लागतात का, समोर एवढी रेती पडलीय. नवव्या कलमात लिहिलंय की सही केल्यावर दहा वर्षं, एक किलोमीटरच्या आत, ती कोणताही खाद्यपदार्थ विकणार नाही. ते मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "घरात तुला वाढलेलं चालेल का, ते विचारून ठेव." ड्रायव्हर हसले. त्यातला एक म्हणाला, मावशी, किलोमीटर मोजायला मीटर लावून बस देतो. आईही हसली. मला वाटलं, झालं, आता ती कागद चुलीत घालणार.

घातला नाही. ड्रायव्हर गेल्यावर तिने बटाट्यांची सालं गोळा केली. मग म्हणाली की सही करावी असं कधीकधी मनात येतं. पैशाचं नाही. सही केली तर निदान दारात उभं राहून फाटकाकडे बघत बसणं तरी सुटेल. पाच वाजले की पाय आपोआप दाराकडे जातात, आणि कोणी येत नाही, हे रोज नव्याने कळतं. 

नंतर ती जे बोलली ते तसंच्या तसं लिहितो.

"हा चहा दादाच्या डोक्यातला नाही. दादाला भूक कशी लागते ते कधी कळलंच नाही, त्याच्या पुढ्यात मी आधी वाढायचे. हे कोणीतरी शेवटी जेवणाऱ्याने शोधून काढलंय. कोणाचं पोट कशाने आणि कधी भरतं, ते त्यालाच माहीत असतं."

आपल्या घरात शेवटी कोण जेवायचं ते तुला माहीत आहे. बाबा, तू, मग आई, आणि मी तर टेबलं पुसून आल्यावर. मी पान उलटलं आणि तिला दहावं कलम पुन्हा वाचून दाखवायला लागलो. ती म्हणाली, झालंय ते एकदा.

अकरा दिवस उरलेत. तुला वाटत असेल की आपण काही केलं नाही तरी ती सही करेल. मलाही आज तसंच वाटलं.

धाकटा


२७ मार्च

दादा,

तुझं पत्र वाचलं. यावेळी चांगलं दीड पान लिहिलंस, म्हणजे काम अडलंय. आईच्या सह्या मिळवून दिल्या तर मला मुख्य कार्यालयात जागा देतोस. टेबल, पंखा, दुप्पट पगार, आणि चहाची कल्पना माझी होती असं तू सगळ्यांसमोर सांगणार. माझीच चोरलेली टोपी धुऊन मलाच बक्षीस देतोस. आणि सह्या नाही मिळाल्या तर माझ्या कागदाची शेवटची ओळ आईला पाठवशील, अस्सल कागद तुझ्या कपाटात आहे म्हणतोस.

१२ तारखेच्या पत्रात मी ती ओळ लिहिली नव्हती. तुझ्या लक्षात आलंच. आता लिहितो, मला ती पाठ आहे.

'पाटी लावणे शक्य नसल्यास, सायंकाळी साडेचारच्या सुमारास हॉटेलातच केक, गोड पाव असे मैद्याचे पदार्थ द्यावेत. परिणाम तोच होईल व खर्च अत्यल्प येईल.'

तू उलटीकडून वाचलंस असं मी म्हटलं होतं. ते खोटं आहे. तू सरळच वाचलंस, फक्त शेवटपर्यंत.

का लिहिली, ते सांगतो. तिसऱ्या पानाखाली चार बोटं जागा उरली होती. नुसतं मागितलं तर भिकाऱ्याचा अर्ज वाटेल असं मला वाटलं. तुमच्या कार्यालयातून येतात ते कागद मी पाहिले आहेत, त्यात नेहमी दोन पर्याय असतात. नववीत शाळा सुटलेल्या माणसाचा कागद आहे हे कळू नये, एवढ्यासाठी मी दुसरा पर्याय घातला. 'अत्यल्प' हा शब्द बरोबर लिहिलाय का ते शब्दकोशात पाहून आलो होतो. तो कोणी खरंच निवडेल, हे मनात आलं नाही असंही म्हणवत नाही. आलं होतं. वाटलं, निवडला तर मला हुशार म्हणतील.

तुझी तेवढी धमकी मात्र वाया गेली. मंगळवारी मी आईला सांगितलं.

साडेचार वाजले होते, भिंतीवरून केकचा वास येत होता. माझ्याकडे कच्ची प्रत होती. मी म्हटलं, अजून एक कागद वाचायचा राहिलाय, आणि तुझी बारा पानं वाचली तशीच ही तीन वाचली. ऐकताना आधी तिचा चेहरा उजळला. तेरा किलो मासळीचं ऐकून म्हणाली, बघ, आणि आपण समजत होतो की हॉटेल आपल्याला पोसतंय. पाटीचं आलं तेव्हा तिने विचारलं, पाटीवर काय लिहिणार होतास. मग मी शेवटची ओळ वाचली.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचली.

"अत्यल्प म्हणजे?"

"अगदी कमी."

तिने विचारलं, हे कधी लिहिलं. मी म्हटलं, तुझ्या डोळ्यांच्या वेळी. दर दोन तासांनी थेंब घालायचे होते, मधल्या वेळात पलंगाशेजारी बसून लिहिलं. तिला ते आठवलं. म्हणाली, पट्टीखाली असताना कागदाचा आवाज यायचा. तिला वाटायचं, मी अभ्यास करतोय, पुन्हा परीक्षेला बसणार आहे.

 तिने कांदा चिरला, तवा पुसला. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा विकणारा आहे, हे तो आठ वर्षांचा असल्यापासून मला ठाऊक आहे. तू तोलून दिलंस."

मी रडलो वगैरे नाही. तू तसं समजू नकोस. मी टेबल पुसलं.

तिने तुझा कागद बरणीखालून काढला, सातही पिवळ्या चिठ्ठ्या एकेक करून सोडवल्या आणि पाकिटात घातल्या. म्हणाली, हे त्याला परत पाठव. एकाला जागा हवी म्हणून उठू नये आणि दुसऱ्याने कबुली दिली म्हणून बसू नये, मला काय करायचं ते मी बघते. कागद याच पाकिटात आहे. चिठ्ठ्या मोजून घे.

संध्याकाळी मी नेहमीच्या जागी जेवायला बसलो. आईने माझ्यासमोरचं ताट उचललं. राग नव्हता, गिऱ्हाईक उठल्यावर उचलते तसं उचललं, आणि म्हणाली, "तू आत खाऊन घे. तुझं सगळं धरून आहे ना."

तेव्हापासून मी आत खातो. तुझी ती मुख्य कार्यालयातली नोकरी नको.

धाकटा


९ एप्रिल

दादा,

३१ तारीख गेली. जागा आईची आहे. तुझ्या बस रेतीवर वळताहेत आणि व्यवस्थित वळताहेत, मी पाहिलं.

तू इथल्या मॅनेजरांना पाठवलेला हुकूम माझ्याकडेच आला, कारण मोजण्याचं काम असलं की ते माझ्याकडे येतं. तू लिहिलंस की चार दिवसांत कर्मचाऱ्यांच्या जेवणातलं उरलेलं दुपटीने वाढलंय, म्हणजे माणसं आत जेवत नाहीत. ती कुठे जातात, किती जातात, ते तीन दिवस मोजून कळवावं. ती बाहेर जेवत असतील तर मधल्या सुट्टीत कर्मचाऱ्यांचं मागचं फाटक कुलूप लावून बंद ठेवावं, सुट्टी लांबते आणि शिस्त बिघडते. कुलूप हा शब्द वाचला आणि तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला. ती माणसं कोणाच्या दारात जातात ते तुला ठाऊक आहे म्हणूनच तू विचारतोस.

काय झालंय ते सांगतो. पाहुण्यांसारखं आमचंही 'सगळं धरून' आहे, फक्त पट्टी नाही. पगारात जेवण धरलेलं असतं. ते म्हणजे पाहुण्यांच्या हॉलमधल्या कालच्या पराती, आज गरम केलेल्या. तुला माहीत आहे, तू ते चार वर्षं खाल्लंस आणि रोज आईकडे येऊन पुन्हा जेवलास. आईने पहिल्या तारखेपासून पाच वाजता दारात उभं राहणं सोडलं. आता ती अडीचला चूल पेटवते. भात, भाजी, वर एक अंडं. मासळी बंद. पहिल्या दिवशी खोल्या झाडणाऱ्या तिघी आल्या. दुसऱ्या दिवशी अकरा. मग माळी, धोबीखान्यातले, फाटकावरचा रखवालदार. शनिवारी वस्ताद स्वतः आले, दोनशे माणसांचा स्वयंपाक करून आलेला माणूस, आणि आईला म्हणाले, बाई, मला कोणीतरी वाढलेलं खायचंय. काल त्रेचाळीस होते. टेबलं आठ आहेत, म्हणून उरलेले भिंतीला टेकून उभे राहून जेवतात. आई त्यांना ओरडते की सांडू नका, आणि ते तिला आई म्हणतात, माझ्यासमोर.

मी तिथे जात नाही. म्हणजे जातो, पाणी भरून ठेवतो, टेबलं पुसतो. ती मला ये किंवा जा म्हणत नाही. ताट मात्र मांडत नाही.

तुझा हुकूम आला त्या दिवशी मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. अर्ज लिहून वस्तादांना दाखवला. त्यांनी वाचला आणि विचारलं, तू गेलास की तुझ्या जागी कोण येणार. मी म्हटलं, कोणीतरी येईल. ते म्हणाले, येईल ना, आणि तो नीट मोजेल. मी अर्ज परत घेतला.

तीन दिवस मोजून झाले. काल मी अहवाल दिला आणि सही केली. त्यात लिहिलंय, बाहेर जेवायला जाणारे कर्मचारी, पहिला दिवस शून्य, दुसरा दिवस शून्य, तिसरा दिवस शून्य. उरलेलं वाढण्याचं कारण, उकाड्यामुळे भूक मंदावणे. मॅनेजरांनी एकदाही वर न बघता शिक्का मारला. तराजूचा आकडा आहे, म्हणाले. या वहीत माझा हा पहिला खोटा आकडा. शेवटचं शून्य मी पुन्हा गिरवलं.

तुला हे खोटं आहे हे माहीत आहे, कारण खरं मीच तुला वर लिहिलंय. हे पत्र कार्यालयात दाखवायचं असेल तर दाखव. पण ते कोणाचं आणि त्याचं मागचंपुढचं काय, असं विचारतील, तेव्हा आधीची चारही दाखवावी लागतील. त्यात चहाचा कागद कोणाचा होता ते तारखेसकट लिहिलेलं आहे. माझ्याकडे कच्ची प्रत आहे आणि तुझ्या कपाटात माझ्या अक्षरातला अस्सल कागद, असं तूच लिहून कळवलंस. तुझी खुर्ची त्यावर उभी आहे. मला ती खुर्ची नको, पण ती हलवता येते हे आता मला कळतं.

मग तुझ्यासाठी एकच मार्ग उरतो. तू स्वतः येऊन मोज. अडीच ते चार, आपल्या दारासमोर, हातात वही घेऊन. त्रेचाळीस माणसं तुझ्यासमोरून आत जातील आणि आई त्यांना वाढत असेल. ती तुला बघेल, आणि ती विचारेल, जेवलास का. मला ती आता विचारत नाही. तुला विचारेल, तू थोरला आहेस, तुझ्या पुढ्यात तिने नेहमी आधी वाढलंय. तेव्हा तिला काय सांगायचं, ते ठरवून ये.

धाकटा